बिडाचं पॅन घ्यावं की नाही: फायदे, तोटे आणि वापरायची पूर्ण पद्धत

बिडाचं पॅन नवीन घेतलं की पहिल्या काही दिवसांत जवळजवळ प्रत्येकाची तक्रार एकच असते, अंडं चिकटलं. आणि मग लोक सीझनिंग, म्हणजे तेल तापवून पॅनवर बसवलेला कडक थर, बिघडलं म्हणून परत परत तेल लावून पॅन भाजत बसतात. खरं तर दहातल्या बहुतेक वेळा सीझनिंगचा काही दोष नसतो, आच चुकलेली असते. एकतर पॅन पुरेसं तापलेलं नसतं, नाहीतर मोठ्या आचेवर मधेच लाल व्हायची वेळ आलेली असते आणि कडा मात्र गार. म्हणून या लेखात सीझनिंगबद्दल लिहिणारच आहे पण जास्त भर आचेवर आहे, कारण बिडाचे फायदे काय आणि तोटे काय, सगळे एकाच गोष्टीतून येतात: हा जड धातू आहे, उशिरा तापतो आणि एकदा तापला की सोडत नाही.

आधी बीड म्हणजे काय ते थोडक्यात

बीड म्हणजे ओतीव लोखंड. यात कार्बन साधारण २ ते ४ टक्के असतो, शिवाय थोडं सिलिकॉन. एवढ्या कार्बनमुळे ते शुद्ध लोखंडापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला वितळतं, साधारण ११५० ते १२०० अंशांना, म्हणून वाळूच्या साच्यात ओतून त्याची भांडी करता येतात. नवीन पॅनला हात लावल्यावर जो बारीक खरखरीतपणा जाणवतो तो त्या वाळूचाच ठसा. पण याच कार्बनमुळे बीड ठिसूळ असतं, पोलादासारखं वाकत नाही, पडलं तर तडकतं.

आता एक गैरसमज, जो खूप ठिकाणी छापलेला दिसतो, की बीड सगळीकडे सारखं तापतं. अजिबात नाही. ॲल्युमिनियम बिडाच्या चारेक पट चांगलं उष्णता पसरवतं आणि तांबं सात-आठ पट. बिडाच्या पॅनखाली छोटी ज्योत ठेवली तर ज्योतीच्या बरोबर वरचा भाग तापतो आणि कडेला तशी आच पोचतच नाही. घरी बघायचं असेल तर कोरड्या पॅनमध्ये मैद्याचा पातळ थर भुरभुरा आणि मध्यम आचेवर ठेवा, मैदा जिथे आधी तपकिरी होतो तिथे तुमच्या बर्नरचं कडं आहे. हा प्रयोग एकदा तरी करा असं मी सगळ्यांना सांगते, नंतर पॅन कुठे ठेवायचं आणि कधी फिरवायचं हे आपोआप कळतं.

मग बिडाचं कौतुक कशाचं? तर साठवणुकीचं. इथेही गंमत अशी की किलोला किलो घेतलं तर ॲल्युमिनियम जास्त उष्णता धरतं, जवळपास दुप्पट. पण बिडाची घनता ७.२ आहे आणि ॲल्युमिनियमची २.७, शिवाय बिडाचं पॅन जाड ओततात, त्यामुळे १० इंची पॅनच सव्वादोन-अडीच किलोचं भरतं. एवढं वजन एकदा तापलं की त्यावर फ्रीजमधून काढलेला मांसाचा जाड तुकडा टाकला तरी तापमान धाडकन उतरत नाही. पातळ पॅनमध्ये काय होतं, तुकडा टाकला की पॅन गार पडतं, पाणी सुटतं आणि मांस भाजण्याऐवजी स्वतःच्या पाण्यात उकडतं.

फायदे, जे खरोखर आहेत

पहिला आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे खरपूसपणा. पदार्थाला तो तपकिरी रंग आणि वास येतो ती प्रक्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे जोरात चालते, आणि पाणी असेपर्यंत पृष्ठभाग १०० च्या वर जात नाही. बिडाकडे साठा असल्यामुळे पाणी पटकन उडतं आणि तपकिरी थर लवकर येतो. मांस, मासा, बटाट्याच्या फोडी, मशरूम, कोबीचे जाड काप, काहीही घ्या, फरक डोळ्यांना दिसतो. त्यात काळा पृष्ठभाग चकचकीत स्टीलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता बाहेर फेकतो, म्हणजे पदार्थाचा जो भाग पॅनला टेकलेलाही नाही त्यालाही खालून शेक मिळतो.

दुसरं, मोठी आच सहन होते. नॉनस्टिकचा लेप २६० अंशांच्या पुढे गेला की तुटायला लागतो आणि त्याचा धूर चांगला नाही, पाळीव पक्ष्यांना तर जीवघेणा. बिडाला ही भीती नाही. गॅसवरून थेट ओव्हनमध्ये, ओव्हनमधून परत गॅसवर, निखाऱ्यांवरसुद्धा चालतं. स्टीलचं उलथनं वापरलं तरी बिघडत नाही, उलट सपाट कडेचं स्टीलचं उलथनं मी मुद्दाम वापरते कारण खरवडताना उंचवटे हळूहळू घासले जातात आणि पृष्ठभाग सुधारतो.

तिसरं टिकाऊपणा. लेप उडाला आता फेकून द्या असं इथे होत नाही. गंजलं तरी परत आणता येतं. फक्त तडा गेला तर संपलं.

चौथं, अन्नात थोडं लोह उतरतं. अमेरिकेत १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सफरचंदाच्या गरात १०० ग्रॅममागे ०.३५ मिलिग्रॅम असलेलं लोह बिडाच्या भांड्यात शिजवल्यावर ७ मिलिग्रॅमच्या वर गेलं होतं. आंबट, ओलसर आणि जास्त वेळ शिजणाऱ्या पदार्थांत जास्त उतरतं, नव्या भांड्यातून जास्त, मुरलेल्यातून कमी. इथिओपियातल्या लहान मुलांवर झालेला अभ्यास १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यात लोखंडी भांड्यात शिजवलेलं खाणाऱ्या मुलांचं हिमोग्लोबिन ॲल्युमिनियमच्या भांड्यातलं खाणाऱ्यांपेक्षा जास्त वाढलं होतं. पण म्हणून हे औषध समजू नका, ॲनिमिया असेल तर डॉक्टर सांगतील ते घ्यायचंच. आणि ज्यांच्या शरीरात लोह साठत जातं, म्हणजे हिमोक्रोमॅटोसिससारखा आजार आहे, त्यांनी बिडाचं भांडं वापरायच्या आधी डॉक्टरांना विचारा, ही गोष्ट खरंच महत्त्वाची आहे आणि विकणारे सांगत नाहीत.

तोटे, आणि हे हलके घेऊ नका

वजन. १२ इंची पॅन साडेतीन किलोच्या आसपास जातं, त्यात अन्न आलं की चार-साडेचार. मनगट दुखत असेल, संधिवात असेल, हातात जोर नसेल तर हे रोजचं भांडं नाही. पुढच्या बाजूला छोटी पकड असलेलं घ्या म्हणजे दोन हातांनी उचलता येतं, नाहीतर ८ इंचीवर थांबा. मूठपण त्याच ओतीव तुकड्याची असते आणि तापते, ओव्हनमधून काढल्यावर तर नुसत्या हाताने धरायचंच नाही. ओव्हनमधून पॅन बाहेर आलं की मुठीवर लगेच फडकं टाकून ठेवायचं, म्हणजे घरातल्या दुसऱ्या कुणी सवयीने हात घालायला नको.

हळू तापतं आणि हळू थंड होतं. तापायला ५ ते ८ मिनिटं धरा. आणि सॉस करपायला लागला म्हणून आच बंद केली तर पुढची बरीच मिनिटं ते करपतच राहणार, तेव्हा पदार्थ लगेच दुसऱ्या भांड्यात काढायचा. जिथे आच क्षणाक्षणाला कमी-जास्त करावी लागते, उदाहरणार्थ साखरेचा पाक किंवा अंड्याचा नाजूक सॉस, तिथे बीड नको.

आंबट चालत नाही, म्हणजे जास्त वेळ चालत नाही. टोमॅटो, व्हिनेगर, वाईन, लिंबू, यांचं आम्ल सीझनिंगचा थर खातं आणि पदार्थाला लोखंडाची चव येते, कधी रंगही काळपट होतो. शेवटी लिंबू पिळलं, पाच-दहा मिनिटं टोमॅटो परतला, तर मुरलेल्या पॅनला काही होत नाही. पण टोमॅटोचा सॉस तासभर रटरटवायचा असेल तर स्टीलचं भांडं घ्या. नुसतं पाणी उकळत ठेवणंही थराला चांगलं नाही.

गंज. ओलं ठेवलं तर एका रात्रीत नारंगी ठिपके येतात. डिशवॉशरमध्ये तर कधीच नाही.

वास. मासा केल्यावर त्याच पॅनमध्ये लगेच गोड केक भाजला तर वास उतरू शकतो. जमलं तर गोड पदार्थांसाठी वेगळं छोटं पॅन ठेवा.

घेताना काय बघायचं

पॅन सपाट ओट्यावर ठेवून कडेवर बोट दाबा, डुगडुगत असेल तर घेऊ नका, काचेच्या शेगडीवर ते नीट टेकणार नाही. मग दोरीने किंवा दोन बोटांवर लटकवून चमच्याने हलकेच वाजवा, घंटेसारखा स्वच्छ आवाज आला पाहिजे, आवाज बसका आला तर कुठेतरी तडा असायची शक्यता आहे. जुनी पॅन अनेकदा आतून घासून गुळगुळीत केलेली असतात आणि हलकीही असतात, म्हणून लोक ती शोधून घेतात, पण एक सांगते: जुन्या बिडाच्या भांड्यांत पूर्वी कधीकधी शिसं वितळवत असत. कुठून आलंय माहीत नसेल तर शिशाची चाचणी करूनच अन्नासाठी वापरा.

हल्ली बहुतेक पॅन कारखान्यातूनच सीझन होऊन येतात, तरी एक-दोन थर घरी चढवलेले बरे. काही कच्च्या पॅनवर गंज येऊ नये म्हणून मेण किंवा संरक्षक तेल असतं, ते गरम पाणी आणि साबणाने पूर्ण काढावं लागतं.

सीझनिंग: पायरी पायरीने

सीझनिंग म्हणजे नुसतं तेल मुरणं नव्हे. पातळ तेल भरपूर तापलं की त्याचे रेणू हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने एकमेकांना जोडले जातात आणि धातूला धरून बसणारा कडक थर तयार होतो. तो थर तेलकट नसतो, चिकट नसतो. चिकट लागत असेल तर समजा तेल जास्त झालं किंवा आच कमी पडली.

१. पॅन साबणाने धुवा, पुसा, आणि मंद आचेवर ५ मिनिटं ठेवून पूर्ण कोरडं करा. धातूवर डोळ्यांना न दिसणारा ओलावा राहतो, ही पायरी गाळू नका.

२. कोमट असतानाच साधं रिफाइंड तेल, सूर्यफूल, सोयाबीन किंवा कॅनोला, अर्धा चमचाभर घेऊन आत, बाहेर, खाली, मुठीला, सगळीकडे चोळा. जवसाच्या तेलाचा थर सुरुवातीला फार सुंदर दिसतो पण पुढे त्याच्या खपल्या निघायची तक्रार खूप जणांची आहे, मी तरी सुचवत नाही.

३. आता कोरडं फडकं घ्या आणि तेल लावलंच नव्हतं अशा हिशोबाने सगळं पुसून काढा. इथेच बहुतेकांचं चुकतं. पॅन चमकत असेल तर अजून तेल आहे. परत पुसा.

४. ओव्हन २३० ते २५० अंशांवर, पॅन उलटं, एक तास. उलटं यासाठी की तेल राहिलंच असेल तर तळाशी साचून डाग पडू नयेत. एक्झॉस्ट चालू ठेवा, खिडक्या उघडा, धूर होणार.

५. ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्या. ३-४ वेळा केलं की छान काळा-तपकिरी थर येतो.

ओव्हन नसेल तर गॅसवरही जमतं, फक्त कडेपर्यंत एकसारखा थर येत नाही. तेल लावून तसंच पुसून घ्यायचं, मध्यम आचेवर धूर येऊन तो कमी होईपर्यंत ठेवायचं, मधेमधे पॅन थोडं सरकवत फिरवत राहायचं, गार झालं की परत. आणि एवढं करून पहिल्याच दिवशी अंडं करू नका. सुरुवातीचे काही दिवस बटाटे परता, कांदा परता, तेलात काहीतरी तळा. रोजच्या वापरातून बसणारा थर ओव्हनमधल्यापेक्षा चांगला असतो.

आता खरं काम: पॅन कसं तापवायचं

पॅनच्या तळाएवढाच बर्नर निवडा. आच मध्यमच्या थोडी खाली ठेवा आणि रिकामं पॅन ५ ते ८ मिनिटं तापू द्या, दर दोन मिनिटांनी मूठ पाव फेरा फिरवा म्हणजे गरम पट्टा बदलत राहतो. घाई असली तरी मोठी आच नको. मोठ्या आचेने मधला भाग ३०० च्या वर जातो आणि कडा ११० ला असतात, मग मधे करपतं, कडेला कच्चं, आणि आपण म्हणतो बीड वाईट. मोठ्या पॅनसाठी त्याहून सोपा उपाय म्हणजे ओव्हनमध्ये २०० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं तापवून मग गॅसवर आणणं, तेव्हा मात्र ते खरोखर सगळीकडे सारखं तापलेलं असतं.

तापलं का ते बघायला पाण्याचे दोन थेंब टाका. थेंब नुसता बुडबुडे काढत बसला तर थांबा. चर्र करून लगेच उडाला तर परतायला, भाज्यांना ठीक. गोळी होऊन इकडेतिकडे पळायला लागला तर पॅन चांगलंच गरम आहे, मांस भाजायला घ्या. लेझर थर्मामीटर असेल तर बिडाच्या काळ्या पृष्ठभागावर तो बरोबर आकडा दाखवतो, चकचकीत स्टीलवर तोच फसवतो. मांसाला २२० ते २४० अंश, अंड्याला साधारण १३० ते १५०.

अंड्याचं वेगळं सांगते कारण सगळे तिथेच अडकतात. पॅन मंद आचेवर नीट तापवा, लोणी टाका. लोणी शांतपणे फेसाळलं पाहिजे, टाकल्याटाकल्या तपकिरी झालं तर पॅन जास्त गरम आहे, बाजूला घेऊन दोन मिनिटं थांबा. फेस बसत आला की अंडं फोडा आणि हात लावू नका. पांढरा भाग घट्ट झाला की कडेने उलथनं घाला, सुटेल. मांस आणि माशाचंही तसंच: तुकडा टिपकागदाने कोरडा करा, तेल पॅन तापल्यावर घाला, ठेवल्यावर हलवायचा नाही. तपकिरी थर तयार झाला की तो स्वतःच तळ सोडतो, ओढून काढला तर निम्मा पॅनला राहतो. हे बिडाचं म्हणून नाही, स्टीललाही असंच आहे, पण बिडात आच स्थिर असल्यामुळे जमायला सोपं जातं.

इंडक्शनवर बीड उत्तम चालतं, पण तिथे तळ इतक्या झपाट्याने तापतो की बाहेरचा भाग गारच राहतो आणि त्या ताणाने पॅन तडकू शकतं, म्हणून कमी आकड्यावर सुरू करून हळूहळू वाढवा. बूस्टचं बटण विसरा. काचेवर पॅन सरकवू नका, उचलून ठेवा.

धुणं आणि पुसणं

साबण लावायचा नाही हा नियम जुना झाला. पूर्वीच्या साबणात कॉस्टिक सोडा शिल्लक असायचा आणि तो थर खायचा. आताच्या भांड्यांच्या लिक्विडमध्ये तो नसतो, दोन थेंब घेऊन खुशाल घासा. भिजत ठेवायचं मात्र नाही. पॅन कोमट असताना गरम पाण्याने धुवा, चिकटलेलं असेल तर जाड मीठ टाकून फडक्याने घासा, फारच असेल तर थोडं पाणी घालून दोन मिनिटं उकळा आणि उलथन्याने खरवडा. कडक तापलेल्या पॅनवर गार पाणी कधीच नको, चटका बसून तडा जातो.

धुतलं की लगेच पुसा, एक-दोन मिनिटं आचेवर ठेवा, तेलाचे दोन-तीन थेंब चोळून परत पुसून टाका. फडक्याला थोडं काळं लागतं, त्याने घाबरू नका. बरेच दिवस वापरणार नसाल तर तेल फार ठेवू नका, ते खवट होतं आणि पॅनला वास येतो. वर झाकण लावून बंद करू नका, आणि पॅन एकावर एक रचत असाल तर मधे कागद घाला.

बिघडलं तर

थोडा गंज: तारेच्या घासणीने साबणासकट घासा, वाळवा, सीझनिंगचा एक थर. संपला विषय.

पूर्ण गंजलेलं: पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून त्यात बुडवा, पण दर १५-२० मिनिटांनी बघा आणि गंज सुटला की काढा, जास्त वेळ राहिलं तर आम्ल खालचं लोखंडही खायला लागतं. काढल्यावर घासून, धुऊन लगेच आचेवर वाळवा, कारण उघडं लोखंड बघता बघता परत नारंगी होतं, आणि मग पहिल्यापासून सीझनिंग.

चिकट थर: पॅन उलटं घालून २३० अंशांवर आणखी एक तास, बहुतेक वेळा एवढ्यानेच कडक होतो.

खपल्या निघतायत: त्या करपलेल्या तेलाच्या आणि अन्नाच्या असतात, पोटात एखादी गेली तर अपाय नाही, पण सुटलेलं सगळं खरवडून काढा आणि त्यावर नवीन थर द्या. सुटलेल्या थरावर तेल चढवत राहिलात तर ते सगळं एकत्रच निघून येतं.

आणि हे सगळं वाचून एवढी निगा आपल्याच्याने होणार नाही असं वाटत असेल तर दोन चांगले पर्याय आहेत. एनॅमलचा मुलामा दिलेलं बीड, त्यात आंबट बिनधास्त शिजतं, गंज नाही, सीझनिंग नाही, पण रिकामं जास्त तापवायचं नाही आणि मुलामा आपटला की टवका उडतो. दुसरं कार्बन स्टीलचं पॅन, सीझनिंग आणि गंज बिडासारखंच पण पत्रा पातळ असल्यामुळे हलकं, लवकर तापतं, पडलं तरी फुटत नाही, फक्त साठा कमी त्यामुळे जाड मांस भाजताना बीड पुढे राहतं. मनगट अधू असेल तर मी सरळ कार्बन स्टील घ्या म्हणेन.